बस्करपट्टीवरचा शेजार

मार्चमधल्या एका दुपारी आमच्याकडे पोळ्यांना येणारी बाई काम आटोपल्यावर लगेच निघाली नाही. पदराला हात पुसत तिने पिशवीतून प्लॅस्टिकची एक फाइल काढली आणि जेवणाच्या टेबलावर कागद एकेक करून मांडले. मुलीचा जन्माचा दाखला, आधार कार्ड, रेशन कार्ड, मामलतदार कचेरीतून आणलेला उत्पन्नाचा दाखला, घरमालकाने बऱ्याच विनवण्यांनंतर नोंदवून दिलेला भाडेकरार. तिला आरटीईचा, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत राखीव असलेल्या पंचवीस टक्के जागांचा अर्ज भरायचा होता. सायबर कॅफेत गर्दी होती आणि तिथल्या मुलाने मागच्या वर्षी तिच्या जावेच्या अर्जात घराची खूण भलत्याच ठिकाणी केली होती, म्हणून ती माझ्याकडे आली होती. ह्या अर्जात नकाशावर आपले घर दाखवावे लागते आणि मग त्या खुणेच्या आसपासच्या शाळांची यादी समोर येते. वडोदऱ्याच्या वाडी भागातल्या तिच्या चाळीवर मी खूण केली, तेव्हा ती पडद्याकडे वाकून बराच वेळ पाहत राहिली. आपली गल्ली, कोपऱ्यावरची पिठाची गिरणी, समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या शिक्षण समितीच्या शाळेचे छप्पर तिने बोटाने दाखवले. यादीतली इंग्रजी नावे मी वाचून दाखवत होते आणि ती शाळांना त्यांच्या बसच्या रंगांवरून ओळखत होती. पसंतीक्रम लावून झाला. अर्ज पाठवण्याआधी मी एकदा सगळे तपासत असताना तिने अगदी हळू आवाजात विचारले, “ताई, त्या शाळेत माझ्या पोरीच्या शेजारी कोण बसंल हो?”

मी म्हणाले की वर्गातली मुले बसतील, दुसरे कोण बसणार. ती हसली, पण त्या उत्तराने तिचे समाधान झाले नाही हे मला दिसत होते.

त्याच आठवड्यात रविवारी माझा भाचा आणि भाचेसून जेवायला आले. वासणा-भायली रस्त्यावर त्यांचा फ्लॅट आहे, दोघेही नोकरी करतात आणि त्यांचा मुलगा त्या बाईच्या मुलीच्याच वयाचा आहे. 1 जूनला सहा वर्षे पूर्ण असल्याशिवाय पहिलीत प्रवेश नाही हा नियम गुजरातमध्ये 2023 पासून लागू झाला आहे आणि दोन्ही मुले ह्या वर्षीच त्या उंबरठ्यावर आली होती. भाच्याने तीन शाळांची माहितीपत्रके आणली होती. बोर्ड कोणते, शिक्षक किती, मैदान केवढे, बस किती वाजता येते, ह्याची त्याने मन लावून चौकशी केली होती आणि तो ते सगळे तळमळीने सांगत होता. मी त्याला विचारले की दांडिया बाजारातल्या ज्या शाळेत तुझी आई आणि मी शिकलो, तिचा किंवा तुझ्या घराजवळच्या समितीच्या शाळेचा विचार तुम्ही केला का. तो रागावला नाही. थोडा वेळ वरणभात कालवत राहिला आणि म्हणाला, “मावशी, शिकवतात ते तिथेही शिकवत असतील. पण संगत बघावी लागते ना.”

दोन घरांतली ही दोन वाक्ये माझ्या मनात तेव्हापासून शेजारी शेजारी बसून आहेत. एका आईला वाटते की आपल्या मुलीजवळ कोणी बसेल की नाही, आणि एका बापाला वाटते की आपल्या मुलाजवळ नको तो येऊन बसेल. शाळा निवडताना आपण माध्यम, बोर्ड, निकाल, फी अशा अनेक गोष्टी बोलतो आणि त्या खोट्या नसतात, पण त्या सगळ्यांच्या तळाशी हा एकच प्रश्न असतो असे मला आता ठामपणे वाटते. आपले मूल दिवसातले सहा तास कोणाच्या खांद्याला खांदा लावून बसणार, ह्याची निवड आपण करत असतो. पैसे मोजतो तेही मुख्यतः त्यासाठीच.

भाचेसुनेने आग्रह केला म्हणून त्यांच्या पसंतीची शाळा पाहायला मीही गेले. फाटकातून आत गेल्यावर थंडगार हवेचा झोत आला, काचेच्या पेटीत चषक मांडलेले होते, आणि स्वागताला बसलेल्या मुलीने आम्हाला गुजरातीत, हिंदीत आणि मग मुलाशी इंग्रजीत नमस्कार केला. वर्ग स्वच्छ होते, खिडक्या मोठ्या होत्या, ग्रंथालयात मुलांच्या उंचीची कपाटे होती आणि तिथल्या एका तरुण शिक्षिकेने मुलांची चित्रे लावण्यासाठी भिंतीवर जी जागा केली होती ती पाहून मला खरोखर आनंद झाला. त्या शाळेत वाईट काही नव्हते. मात्र नंतर एका खोलीत आम्हाला बसवून एक फॉर्म दिला गेला आणि त्यात आईवडिलांचे शिक्षण, हुद्दा, घरात बोलली जाणारी भाषा आणि राहण्याचे ठिकाण असे रकाने होते. मुलाशी ‘इंटरॅक्शन’ झाले, आईवडिलांशीही झाले. शिक्षण हक्क कायद्याच्या 13व्या कलमाने मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावायला मनाई केलेली आहे, हे भाचेसुनेला ठाऊक होते. ती बाहेर आल्यावर म्हणाली की मनाई असली तरी हे विचारतात म्हणूनच तर निवांत वाटते, कारण इतरांनाही त्यांनी विचारलेच असणार. तिच्या बोलण्यात लबाडी अजिबात नव्हती. आई म्हणून तिला जे वाटले ते तिने सांगितले, आणि मला ते ऐकून उगीचच दमल्यासारखे झाले.

फीविषयी फार लिहीत नाही, कारण ज्यांना भरायची आहे त्यांना ती पाठ असते. गुजरातमध्ये 2017 च्या कायद्याने प्राथमिक शाळेसाठी वर्षाला 15,000 रुपयांची मर्यादा घातली, तिच्यावर फी घ्यायची तर शाळेने विभागीय समितीकडे हिशेब मांडायचा असे ठरले आणि वडोदऱ्यालाही अशी समिती बसली. भाच्याच्या शाळेची फी त्या मर्यादेच्या बरीच वर आहे, रीतसर मंजूर झालेली आहे, आणि बस, गणवेश, पुस्तके त्यावेगळी आहेत. ते दोघे ती भरू शकतात, पण सहज भरू शकत नाहीत. गाडी बदलण्याचे त्यांनी पुढे ढकलले आहे. आपल्यातल्या बहुतेक घरांची गोष्ट अशीच आहे.

माझ्या लहानपणी दांडिया बाजार, रावपुरा, शियाबाग ह्या भागांतल्या मराठी घरांना हा प्रश्नच पडत नसे. जून महिन्यात वडील हाताला धरून समितीच्या मराठी शाळेत नेत, मास्तर नाव लिहून घेत आणि काम संपत असे. वर्गात बाक नव्हते. गुंडाळून ठेवलेल्या लांबच लांब बस्करपट्ट्या सकाळी आळीपाळीने दोन मुलींनी उलगडायच्या, झटकायच्या आणि भिंतीला समांतर अंथरायच्या असा नेम होता. त्या तागाच्या पट्टीचा वास मला अजून सांगता येईल. पावसाळ्यात तो ओल्या पोत्यासारखा असे आणि उन्हाळ्यात तिच्यातून धुळीचा भपका येई. फार वापरलेल्या जागी तिचे दोरे सुटलेले असत, तिथे बसले की मांडीवर आडव्या रेघा उमटत आणि मधल्या सुट्टीत आम्ही एकमेकींच्या रेघा मोजत असू. माझ्या एका बाजूला न्यायमंदिरात वकिली करणाऱ्यांची मुलगी बसे आणि दुसऱ्या बाजूला राजवाड्याच्या तबेल्यात काम करणाऱ्याची. तिच्या पलीकडे मंगळ बाजारात शिवणयंत्र घेऊन बसणाऱ्या शिंप्याची मुलगी होती, आणि तिच्याकडे रंगीत दोऱ्यांचे तुकडे असल्यामुळे तिच्याशी सगळ्यांनाच मैत्री हवी असे. तबेल्यातल्या मैत्रिणीला घोड्यांची नावे, त्यांची वये, कोणता घोडा कशाने बिथरतो हे सगळे माहीत होते. वकिलांच्या मुलीला पाढे येत आणि तिला घोडे येत, आणि आमच्या लेखी दोन्हींचे वजन सारखे होते.

हे लिहिताना मला सावधही राहायचे आहे, कारण आठवणींना उजळ बाजू दाखवायची सवय असते. त्याच वर्गात पट्टीच्या अगदी टोकाला, दाराजवळ, दोन बहिणी बसत. त्या तिथे का बसत हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते आणि आम्ही विचारले नव्हते. डब्याच्या वेळी त्यांच्या आसपासची जागा आपोआप मोकळी होत असे. आमच्या बाईंनी त्यांना कधी वाईट शब्द वापरला नाही, आणि पुढे येऊन बसा असेही कधी म्हटले नाही. सगळ्या मुली एका छपराखाली होत्या ही गोष्ट खरी आणि छपराखालीही अंतर राखले जात होते ही गोष्टही तितकीच खरी. तरीसुद्धा ते अंतर डोळ्यांसमोर होते. एखाद्या मुलीला ते खुपू शकत होते, एखादी उठून तिकडे जाऊन बसू शकत होती, आणि वर्षाच्या शेवटी शिंप्याची मुलगी खरोखरच तिकडे जाऊन बसू लागली होती. आज माझ्या भाच्याच्या मुलाला उठून जाऊन बसण्यासारखी दुसरी बाजूच वर्गात दिसणार नाही.

वडोदऱ्यात वाढलेल्या माणसाला शाळेचा विषय निघाला की सयाजीराव महाराजांची आठवण येतेच, आणि ती येणे योग्यच आहे. मालेगावजवळच्या कवळाण्यातून 1875 साली दत्तक आणलेल्या ह्या मुलाला बाराव्या वर्षापर्यंत अक्षरओळख नव्हती. त्याने पुढे 1893 मध्ये अमरेली भागात सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रयोग सुरू केला आणि 1906 मध्ये तो सगळ्या संस्थानाला लागू केला. मुलांना शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड होत असे. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले, तेव्हा बडोद्याचा दाखला त्यांच्या हाताशी होता, आणि तरीही ते विधेयक पुढच्या वर्षी फेटाळले गेले. ब्रिटिश सरकारला जे परवडत नव्हते ते एका संस्थानिकाने करून दाखवले होते. आम्ही हे शाळेत शिकलो, आमच्या छात्या ह्या गोष्टीने फुगत आणि अजूनही फुगतात.

ह्याच गावाची दुसरी गोष्ट मात्र आम्हाला शाळेत तितक्या ठळकपणे कोणी सांगितली नाही. सयाजीरावांनी 1913 मध्ये भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी दिली. शिक्षण घेऊन ते 1917 मध्ये करारानुसार बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा ह्या शहरात त्यांना राहायला खोली मिळाली नाही. पारशी धर्मशाळेत नाव बदलून काढलेले दिवस काठ्या घेऊन आलेल्या जमावाने संपवले. मित्रांनी आपल्या घरात घ्यायला असमर्थता सांगितली आणि मुंबईच्या गाडीची वेळ होईपर्यंतचा काळ आंबेडकरांनी कमाटीबागेत बसून काढला. आज तिथे संकल्पभूमी हे त्यांचे स्मारक आहे. महाराजांच्या हुकुमाने शिष्यवृत्ती मिळू शकली, कचेरीतली खुर्ची मिळू शकली, परंतु शेजार मिळू शकला नाही, कारण तो द्यायचा अधिकार महाराजांकडे नव्हताच. तो गावातल्या घरांकडे होता. मी कधी सकाळी बागेत फिरायला जाते आणि त्या बाजूने वळते, तेव्हा त्या बाईचा प्रश्न मला फार जुना वाटू लागतो.

आमच्या पिढीने आपली मुले समितीच्या शाळेतून काढली ती एका दिवसात काढली नाहीत. आधी डॉक्टरांनी काढली, मग बँकेतल्यांनी, मग विद्यापीठातल्या प्राध्यापकांनी, आणि पाठोपाठ शाळेतल्या शिक्षकांनी स्वतःची मुलेही दुसरीकडे घातली. प्रत्येकाचे कारण समजण्यासारखे होते. इंग्रजीवाचून पुढे निभणार नाही असे दिसत होते आणि ते पुष्कळसे खरे ठरले. प्रत्येक घराबरोबर शाळेतून एक मूल गेले, आणि त्याच्याबरोबर एक असा माणूस गेला जो मुख्याध्यापकांच्या खोलीत जाऊन नळ का बंद आहे हे विचारू शकत होता, महापालिकेत ओळख काढू शकत होता, वर्तमानपत्राला पत्र लिहू शकत होता. शाळा गरीब मुलांची झाली म्हणून ती खालावली असे लोक सहज म्हणून जातात. मला ते अन्यायाचे वाटते. तिला विचारणारे उठून गेले म्हणून ती खालावली, आणि उठून जाणाऱ्यांत आम्ही सगळे होतो. कोठारी आयोगाने 1966 च्या अहवालात सर्वांसाठी समान शाळा आणि वस्तीतली सगळी मुले एकत्र शिकतील अशी शेजारशाळा सुचवली होती, ती नेमकी ह्याच भीतीपोटी. अलाहाबाद उच्च न्यायालयाने 2015 मध्ये तर सरकारी पगार घेणाऱ्यांनी आपली मुले सरकारी प्राथमिक शाळेतच घालावीत असा आदेश उत्तर प्रदेश सरकारला दिला होता. तो प्रत्यक्षात उतरला नाही, आणि तो सक्तीने उतरावा असे मला वाटत नाही. पण न्यायाधीशांनी दुखणे बरोबर ओळखले होते.

भाच्याला मी एवढेच म्हणाले की निर्णय तुमचा आहे, परंतु ज्या शाळेला नाही म्हणता आहात तिचे दार एकदा तरी ओलांडून पाहा. त्याला सुट्टी मिळाली नाही. मी मात्र त्या बाईबरोबर वाडीतल्या समितीच्या शाळेत गेले, कारण आरटीईच्या सोडतीत नंबर लागला नाही तर तिला तिथेच जायचे होते. जुनी इमारत होती, जाड भिंतींची आणि उंच छताची, त्यामुळे बाहेर ऊन तापलेले असूनही आत गारवा होता. बालवाटिकेच्या, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गात मुले गोल करून बसली होती आणि शिक्षिका हातात भेंडी, गवार आणि कारले घेऊन गुजरातीत मोजणी शिकवत होती. एका मुलाने गवारीला मराठीत गवार म्हटले, दुसऱ्याने हिंदीत फली म्हटले, आणि तिने दोघांचे ऐकून घेऊन मग गुवार म्हणून सांगितले. टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा देऊन गुणवत्ता यादीतून आलेली ही मुलगी आणंद जिल्ह्यातल्या खेड्यातून आली होती. विद्यासहायक म्हणून पहिली पाच वर्षे ठरावीक पगारावर काम करायचे असते, त्यातली तिची बरीचशी सरली होती. मी तिला वर्गाविषयी विचारले तेव्हा तिचे डोळे चमकले, आणि दुसऱ्या शिक्षकांविषयी विचारले तेव्हा ती म्हणाली की एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामावर आहेत, त्यामुळे दोन वर्ग आज एकत्र बसले आहेत. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती ह्यांसाठी शिक्षकांना पाठवायला कायद्याची मुभा आहे. मतदारयादीचे काम झाले पाहिजे हे मलाही मान्य आहे. मग खासगी शाळेच्या दारावर ते काम कधी येत नाही, ह्याचाही विचार कोणीतरी करायला हवा.

मागच्या अंगणात मध्यान्ह भोजनाची ताटे घासायला ठेवलेली होती. मुलींच्या शौचालयाच्या दाराला कडी नव्हती. त्या बाईने ते दार उघडझाप करून पाहिले आणि काही बोलली नाही.

सोडतीत तिच्या मुलीचा नंबर लागला नाही. 2025 मध्ये उत्पन्नाची मर्यादा दीड लाखांवरून 6 लाखांपर्यंत वाढवल्यापासून रांग लांबली आहे आणि त्या रांगेत कागद नीट जमवता येणारी घरे अधिक आली आहेत. ती घरे श्रीमंत नाहीत, त्यांचाही हक्क आहे, तरी माझे मन त्यावर पूर्णपणे स्थिर होत नाही. मी तिच्यासाठी हळहळत होते, पण ती माझ्या अपेक्षेइतकी खचली नाही. तिच्या नणंदेच्या मुलाला काही वर्षांपूर्वी अशी जागा मिळाली होती, त्याची हकीकत तिने मला तेव्हा सांगितली. फी सरकार भरते, वह्या-गणवेशासाठी वर्षाला 3,000 रुपये खात्यात येतात, शिक्षकही चांगले आहेत. मुलगा इंग्रजीत कविता म्हणतो, तेव्हा सगळी चाळ ऐकायला जमते. पण तो घरी कोणाला घेऊन येत नाही, कोणाच्या वाढदिवसाला जात नाही, कारण परतफेड म्हणून आपल्याही घरी बोलवावे लागेल असे त्याला वाटते. सहलीच्या दिवशी तो आजारी पडतो. आता तो आठवीत आहे. कायद्याची हमी वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत, म्हणजे आठवीपर्यंतच आहे, आणि नववीला त्याच शाळेत राहायचे तर पैसे कुठून आणायचे ह्यावर त्या घरात रोज रात्री बोलणे होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये ही पंचवीस टक्के जागांची तरतूद उचलून धरली तेव्हा मी मनापासून खूश झाले होते, आणि आजही ती रद्द व्हावी असे मला मुळीच वाटत नाही. त्या मुलाने कविता म्हणावी हे मला हवेच आहे. माझे म्हणणे इतकेच आहे की त्याला बाकावर बसवून आपण थांबलो, त्याच्याशी बोलायचे काम सहा वर्षांच्या मुलांवर सोपवले, आणि त्या मुलांच्या आईबापांनी आपापल्या घरांची दारे तशीच ठेवली.

मुलगी समितीच्या गुजराती माध्यमाच्या शाळेत जाऊ लागली. मराठी माध्यमाची शाळा लांब पडते आणि रस्ता ओलांडावा लागतो. मला त्याचे थोडे वाईट वाटले, पण आईचा हिशेब बरोबर होता. मुलगी घरी मराठी बोलते, गल्लीत गुजराती बोलते आणि दोन्हींत सारखीच भांडते. भाच्याचा मुलगा पिवळ्या बसमधून जातो, खुशीत आहे, त्याला पोहायला शिकवतात. तो घरी आला की मी त्याला मराठी वाचून दाखवते आणि त्याच्यावर माझा जीव आहे. त्याच्या आईबापांना मी दोष देत नाही. त्यांनी भीतीपोटी आणि प्रेमापोटी जे केले ते त्यांच्या जागी असलेले बहुतेक सगळे करतात.

जुलैमध्ये ती बाई एके दिवशी उशिरा आली. शाळेत पालकांची सभा होती आणि तिला शाळा व्यवस्थापन समितीत घेतले होते. मी कायदा काढून पाहिला. ह्या समितीत किमान तीन चतुर्थांश सभासद आईवडील असावे लागतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. शिक्षण हक्क कायद्यातले हे कलम विनाअनुदानित खासगी शाळांना लागू नाही. एवढी फी भरणाऱ्या माझ्या भाच्याला त्याच्या मुलाच्या शाळेच्या कारभारात ह्या कायद्याने जो अधिकार दिलेला नाही, तो सातवी शिकलेल्या ह्या बाईला समितीच्या शाळेत मिळालेला आहे. मी हे तिला समजावून सांगितले, तेव्हा तिने हातातले लाटणे खाली ठेवले आणि विचारले, “म्हणजे मी बोलले तर ते लिहून घेतील?” मी म्हणाले की लिहून घ्यावेच लागेल, ठरावाच्या वहीत. त्यावर तिने सांगितले की मग तिला दोन गोष्टी बोलायच्या आहेत आणि त्या मी गुजरातीत नीट लिहून द्याव्यात.

पहिला अर्ज शौचालयाच्या कडीचा होता. आम्ही तो चार ओळींत लिहिला, तिने खाली सही केली, सभेत वाचला, आणि कडी बसली. आतून आणि बाहेरून अशा दोन्ही बाजूंनी बसली, कारण बाहेरून कुत्री शिरतात हे तिने तोंडी सांगितले होते. दुसरा अर्ज बीएलओच्या कामाला गेलेल्या शिक्षकांच्या जागी त्या दिवसांपुरती कोणाची तरी सोय करावी असा आहे. तो लिहायला आम्हाला तीन दुपारी लागल्या. मी लिहिलेली वाक्ये तिला फार नरम वाटत होती, आणि ती सांगत होती ती मला फार कडक वाटत होती. शेवटी तिचीच वाक्ये राहिली. मुख्याध्यापकांनी तो पुढे पाठवला आहे, उत्तर आलेले नाही, आणि पुढच्या सभेत तो पुन्हा वाचायचा असे तिने आणि आणखी दोन आयांनी ठरवले आहे. भाचेसुनेला मी हे सांगितले तेव्हा तिने विचारले की बाहेरच्या माणसाला त्या सभेत बसता येते का. मी शाळेत विचारून सांगते म्हणाले आहे.